गाडी कुणाची? भाडेखरेदी, तारण आणि आर.सी. बुकाचा इतिहास

मौदा हे कन्हान नदीकाठचे तालुक्याचे गाव. नागपूरहून भंडाऱ्यामार्गे रायपूरकडे जाणारा जुना ग्रेट ईस्टर्न रोड याच वाटेने जातो. तोच पुढे राष्ट्रीय महामार्ग ६ झाला आणि आता ५३ म्हणून ओळखला जातो. या रस्त्यावरच्या एम.एच. ४० क्रमांकाच्या गाड्यांपैकी कित्येकांच्या नोंदणीपत्रावर मालकाच्या नावाखाली आणखी एक नाव असते, ते बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे. चालवतो एक आणि हक्क सांगतो दुसरा, ही व्यवस्था कशी रूढ झाली, याचा हा धागा.

आरंभ मोटारीपासून होत नाही, पियानोपासून होतो. इंग्लंडमधील एका गृहस्थाने दरमहा साडेदहा शिलिंगांच्या ३६ हप्त्यांवर पियानो घरी आणला आणि चारच महिन्यांत तो सावकाराकडे गहाण टाकला. पियानोवाल्याने सावकारावर दावा लावला. १८९५ मध्ये 'हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज' या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की वस्तू केव्हाही परत करण्याची मुभा असलेला हप्तेकरी हा केवळ भाडेकरू होय. त्याने विकत घेण्याचे वचन दिलेलेच नाही. त्यामुळे त्याच्याकडून गहाण घेणाऱ्याला मालकापेक्षा वरचढ हक्क मिळत नाही. शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मालकी देणाऱ्याकडेच राहते, हे भाडेखरेदीचे तत्त्व या निकालाने पक्के झाले. पुढे मोटारीच्या धंद्याने ते उचलून धरले, आणि यात नवल नाही: पियानो दिवाणखान्यात बसून राहतो, मोटार मात्र एका रात्रीत दुसऱ्या प्रांतात जाऊ शकते.

भारतात मद्रासमध्ये १९५४ साली सुंदरम फायनान्स स्थापन झाली आणि वाहनांसाठी हप्त्यांच्या अर्थपुरवठ्याला संघटित रूप येऊ लागले. खाजगी मोटारीची अडचण मात्र निराळी होती. पैसा उभा राहिला तरी गाडी मिळत नसे. वालचंद हिराचंद यांनी स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातील फियाट, उत्तरपाड्याची अँबॅसेडर आणि मद्रासची स्टँडर्ड हेराल्ड, एवढीच काय ती निवड. १९५९ च्या नियंत्रण आदेशाने मोटारींचे वितरण व विक्री सरकारी अंकुशाखाली आली. वर्षानुवर्षांच्या प्रतीक्षायादीमुळे वापरलेली गाडीही चढ्या भावाने विकली जाई. साहजिकच ती नीट सांभाळणे ही हौस नव्हती, गुंतवणुकीचे रक्षण होते.

त्या काळातील कर्जाचे सर्वाधिक ठाऊक उदाहरण लालबहादूर शास्त्री यांचे. पंतप्रधान असताना त्यांनी सुमारे १२,००० रुपयांची फियाट घेतली आणि त्यासाठी पंजाब नॅशनल बँकेकडून ५,००० रुपये कर्ज काढले. जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंद येथे त्यांचे निधन झाले तेव्हा ते कर्ज बाकी होते. ललिता शास्त्री यांनी निवृत्तिवेतनातून ते फेडले, असे त्यांच्या पुत्रांनी सांगितले आहे.

१९७२ मध्ये संसदेने भाडेखरेदी कायदा संमत केला. हप्तेकऱ्याला संरक्षण देण्याचा त्याचा उद्देश होता. पण तो कधीही अमलात आणला गेला नाही आणि अखेर २००५ मध्ये रद्दच झाला. तेहतीस वर्षे कागदावर राहून न जन्मता गेलेला कायदा! दरम्यान डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली. आगाऊ नोंदणीसाठीच १०,००० रुपये भरावे लागत, तरी नोंदणी करणाऱ्यांची संख्या लाखावर गेली. पुढे १९९१ नंतर नवे उत्पादक आले, कर्ज सुलभ झाले आणि प्रतीक्षायादीची जागा हप्त्यांच्या तक्त्याने घेतली.

सारा भार आता मोटार वाहन कायदा, १९८८ यावर आला. त्याच्या कलम ५१ नुसार भाडेखरेदी, भाडेपट्टा वा तारण असल्यास त्याची नोंद आर.सी.वर होते. वित्तपुरवठादाराच्या लेखी संमतीवाचून अशी गाडी दुसऱ्याच्या नावे होत नाही. कराराच्या अटी मोडल्यामुळे त्याने गाडी ताब्यात घेतली, तर ठरलेली प्रक्रिया पाळून त्याला स्वतःच्या नावे नवी आर.सी.ही मिळू शकते. मात्र ताबा कसा घ्यावा यालाही मर्यादा आहे. वसुलीसाठी दांडगाई करणारी माणसे पाठवण्याच्या प्रथेवर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कठोर ताशेरे ओढले.

शेवटचा हप्ता फेडला म्हणजे ही नोंद आपोआप पुसली जाते, असा समज असतो. कायद्यात तसे नाही. वित्तसंस्थेचे ना-हरकत पत्र घेऊन, नमुना ३५ वर दोघांच्या सह्या करून तो अर्ज आर.टी.ओ.कडे द्यावा लागतो. तो राहून गेला, की दहा वर्षांनी गाडी विकताना फिटलेले कर्ज पुन्हा आडवे येते. मधल्या काळात ती संस्था दुसऱ्या संस्थेत विलीन झालेली असेल, तर ना-हरकत पत्र मागायचे कुणाकडे, इथपासून सुरुवात.

विकणाऱ्यावरचे संकट याहून मोठे. कलम ५० प्रमाणे राज्यातल्या राज्यात गाडी विकल्यास विकणाऱ्याने १४ दिवसांत आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत कळवायचे असते. प्रत्यक्षात कोऱ्या नमुन्यांवर सह्या घेऊन गाडी हातोहात फिरते. अशाच एका मोटारीचा खटला 'नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार' या नावाने सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. पहिल्या मालकाने २००७ मध्ये विकलेली ती गाडी पुढे अनेकांच्या हातांतून गेली. २००९ मध्ये तिच्या अपघातात एकाचा मृत्यू झाला. आर.टी.ओ.च्या दप्तरी नाव मात्र पहिल्याचेच होते. फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ठरवले, की नुकसानभरपाईपुरता मालक तो, ज्याचे नाव नोंदणीत आहे. जखमी माणसाने वा मृताच्या वारसांनी गाडीच्या विक्रीची साखळी शोधत हिंडावे, अशी अपेक्षा कायदा करीत नाही.

दोन वर्षांपूर्वी गाडी आणि किल्ली देऊन मोकळा झालेला तो माणूस भरपाईसाठी जबाबदार ठरला. आजही मौद्याच्या बाजारात एखादी जुनी गाडी रोखीने विकली गेली आणि नावबदल व्हायचा राहिला, तर विकणाऱ्याची स्थिती तीच असते.