नाना पळशीकर : बोलपटांतील म्हातारा बाप

रामटेकच्या गडावर श्रीरामाच्या दर्शनास निघालेल्या यात्रेकरूस आधी लक्ष्मणाचे देऊळ लागते. तेथे हात जोडून तो पुढे सरकतो. चित्त रामाकडे लागलेले असते. बोलपटाच्या प्रेक्षकाचेही असेच होते. नायकनायिकेची नावे वाचून तो तिकीट काढतो आणि ज्याने त्याच्या डोळ्यांत पाणी आणले, त्या दुय्यम नटाचे नाव विचारण्याचे मात्र त्यास सुचत नाही. नाना पळशीकर यांची सुमारे अर्धशतकाची कारकीर्द अशाच एका नटाची होय.

पळशीकरांचा जन्म १९०७ सालचा. १९३५ च्या 'धुवाँधार' या चित्रपटापासून ते पडद्यावर दिसू लागले, आणि पुढे ऐंशीहून अधिक हिंदी चित्रपटांत त्यांनी कामे केली. बहुधा वाट्यास येई तो गरीब माणूस, नाही तर कोणाचा तरी म्हातारा बाप.

अमेरिकेत हॉलीवूडने अशा नटांची कदर बरीच लवकर केली. १९३६ सालच्या चित्रपटांपासून दुय्यम भूमिकांसाठी ऑस्कर पारितोषिक सुरू झाले, आणि वॉल्टर ब्रेनन यांनी १९४० पर्यंतच्या कामांवर ते तीनदा पटकावले. थॉमस मिचेल तर १९३९ या एकाच वर्षी पाच नामांकित चित्रपटांत चमकले. आपल्याकडे फिल्मफेअरचे असे पारितोषिक १९५५ साली आले. तोवर पळशीकरांना पडद्यावर येऊन वीस वर्षे लोटली होती.

बिमल रॉय यांच्या 'दो बिघा जमीन' मध्ये (१९५३) पळशीकर हे शंभू या शेतकऱ्याचे वडील झाले. शंभूच्या हिशेबाने देणे पासष्ट रुपयांचे. जमीनदाराच्या वहीत ते दोनशे पस्तीस निघते, आणि जमीन सोडविण्यासाठी त्यास कलकत्त्यात रिक्षा ओढावी लागते. शंभूची भूमिका करणारे बलराज साहनी १९१३ साली जन्मलेले. म्हणजे हा बाप मुलाहून अवघ्या सहा वर्षांनी वडील! तरी प्रेक्षकास शंका येत नाही. केस पांढरे करणे रंगभूषाकाराच्या हातचे आहे. कर्जाने वाकलेली पाठ नटालाच आणावी लागते.

त्यांची खरी कसोटी लागली ती बी. आर. चोप्रा यांच्या 'कानून' मध्ये (१९६०). या चित्रपटात गाणे एकही नाही. येथे पळशीकर कालिया नावाचे भुरटे चोर आहेत. सावकाराचा खून होऊन गेल्यावर हा घरात शिरतो, आणि खुनी म्हणून नेमका तोच पकडला जातो. अशोककुमार न्यायाधीश, राजेंद्रकुमार वकील. वादविवाद सारा त्यांचा. परंतु तो निरर्थक ठरत नाही, कारण पिंजऱ्यातला हा क्षुद्र, भेदरलेला जीव फासावर जाऊ नये असे प्रेक्षकास मनापासून वाटत असते. ही तळमळ पळशीकरांनी उत्पन्न केली. या भूमिकेस फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, ते योग्यच झाले. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या 'शहर और सपना' या मुंबईतील बेघरांच्या कथेनेही त्यांना हाच मान दुसऱ्यांदा मिळवून दिला. त्या चित्रपटास १९६३ सालचे राष्ट्रपतींचे सुवर्णपदक लाभले होते.

उत्तरायुष्यात परदेशी दिग्दर्शकांनाही त्यांची आठवण झाली. 'माया' (१९६६) व 'द गुरु' (१९६९) या इंग्रजी चित्रपटांत ते आहेत. रिचर्ड ॲटेनबरो यांच्या 'गांधी' मध्ये (१९८२) ते दिसले तेव्हा वय पंचाहत्तर होते. भूमिका खेडुताची होती. १९८४ साली ते वारले.