सोनखत

मंडळी, आजचा विषय जरा वासाचा आहे. नाकाला रुमाल लावा, पण वाचा.

शहरात फ्लश दाबला की आपला संबंध संपला. खेड्यात तसं नसतं, विहीर तिथेच चार पावलांवर असते. मराठीत मैल्याच्या खताला 'सोनखत' म्हणतात. काय झकास शब्द आहे! पण ते सोनं टोपलीत भरून डोक्यावरून वाहायचं कोणी, हे जातीनं आधीच ठरवून टाकलेलं.

या प्रश्नाला अक्षरशः हात घातला तो अप्पासाहेब पटवर्धनांनी. कोकणचे गांधी ते हेच. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात त्यांनी सफाईचं काम मागितलं. सवर्ण कैद्याला ते देता येत नाही म्हणे! अप्पांनी अन्न कमी केलं, आणि डिसेंबरात त्यांच्या पाठिंब्यासाठी गांधीजींनी येरवड्यात उपास सुरू केला. सरकारला चौकशीचं आश्वासन द्यावं लागलं.

पण अप्पा नुसते उपास करणारे नव्हते. १९४८ साली त्यांनी कणकवलीला गोपुरी आश्रम काढला आणि मैल्याच्या खताचे प्रयोग केले. त्यांचा 'सोपा संडास' नावाप्रमाणेच सोपा. त्याच जातकुळीतला म्हणजे हल्लीच्या सरकारी योजनांमधला दोन खड्ड्यांचा संडास. उतरत्या भांड्याला दीड-दोन लिटर पाणी पुरतं. खड्ड्याच्या विटांमध्ये फटी ठेवलेल्या असतात. पाणी त्यातून मुरतं आणि माती ते गाळते. दोन-तीन वर्षांनी एक खड्डा भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा. (आम्ही जुना सर्व्हर बाजूला ठेवून ट्रॅफिक नव्यावर वळवतो, अगदी तसंच.) बंद खड्डा वर्ष-दीड वर्ष तसाच राहू द्यायचा. जंतांची अंडी सगळ्यात चिवट, ती मरायला एवढा वेळ लागतो. मग हाती येते ती वास नसलेली काळी माती. घरमालकानेच फावडं घ्यावं, कुणाला बोलवायची गरजच नाही! माझ्या मते सगळी गंमत इथे आहे. मात्र जिथे भूजल वर असतं किंवा विहीर खेटून असते, तिथे हा खड्डा चालत नाही.

हाच धागा पुढे देहूत नेला डॉ. सुहास मापुसकरांनी. तुकोबांच्या या गावी ते १९५९ साली सरकारी दवाखान्यात डॉक्टर म्हणून आले. जंतांवर गोळ्या देऊन काय होणार, पेशंट परत उघड्यावरच जाणार! सुरुवातीला बांधलेले संडास पावसात ढासळले. मग त्यांनी अप्पांची वाट धरली, आणि पुढे मैल्यावर चालणारा 'मलप्रभा' गॅस प्लँटही उभा केला. २०१५ साली ते गेले. पद्मश्री मिळाली २०१७ मध्ये, मरणोत्तर. असो.

हल्ली गावाकडे नवं घर बांधलं की सर्रास मोठ्ठी सेप्टिक टाकी घालतात. ती कधीतरी भरतेच, आणि तिच्यातला गाळ ताजाही असतो. २०१३ च्या कायद्याने साधनांशिवाय माणसाला त्यात उतरवायला बंदी आहे. पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा विचारून बघा, आपल्या घरी खड्डे किती, आणि भरल्यावर उपसायला कोण येतं?