बाहेर पडण्याचा हिशेब: मालीचा अनुभव

माली म्हटले की आपल्यापैकी अनेकांना मन्सा मूसा आठवतो. १३२४ साली सोने घेऊन हजला गेलेला बादशहा. पण आजच्या मालीची एक अडचण त्या सोन्याइतकीच महत्त्वाची आहे: या देशाला समुद्र नाही. पेट्रोल, साखर, सिमेंट, सारे शेजाऱ्याच्या दारातून आत येते.

२९ जानेवारी २०२५ रोजी माली, बुर्किना फासो आणि नायजर हे तीन देश ‘इकोवास’ या पश्चिम आफ्रिकेच्या आर्थिक संघटनेतून बाहेर पडले. फायदा किती, तोटा किती, यावर तेव्हापासून वाद चालू आहे. मालीने मात्र असा प्रयोग पूर्वीही केला होता. तो हिशेब आधी पाहू.

जून १९६० मध्ये सेनेगल आणि माली एकाच महासंघाच्या रूपाने फ्रान्सपासून स्वतंत्र झाले. दोनच महिन्यांत बिनसले आणि सेनेगल वेगळा झाला. रागावलेल्या मालीने डाकार बंदराकडे जाणारी रेल्वे सरहद्दीवर बंद केली. सुमारे १२०० किलोमीटरचा हा मार्ग म्हणजे मालीचा जगाशी असलेला मुख्य दुवा. आता माल आयव्हरी कोस्टच्या अबिदजान बंदरातून लांबच्या फेऱ्याने येऊ लागला. अखेर १९६३ साली समेट करून गाडी पुन्हा सुरू करावी लागली.

दरम्यान राष्ट्राध्यक्ष मोदिबो केता यांनी दुसरे पाऊल टाकले. शेजारी देशांचे सामाईक चलन, सीएफए फ्रँक, सोडून १ जुलै १९६२ रोजी मालीने स्वतःचा फ्रँक काढला. यामागची भावना खोटी नव्हती. ज्या चलनाची दोरी पॅरिसच्या हाती, ते बाळगणाऱ्या देशाला पूर्ण स्वतंत्र कसे म्हणायचे? पण बामाकोचे व्यापारी त्याच महिन्यात रस्त्यावर उतरले. त्यांचा धंदा सरहद्दीपलीकडे होता आणि तिथे ही नवी नोट कोणी घेत नव्हते. त्यांचा विरोध सरकारने मोडून काढला. बाजाराने मात्र आपली वाट शोधली: गुरे आणि सुकी मासळी चोरवाटेने शेजारी देशांत विकली जाऊ लागली.

१९६७ मध्ये या चलनाची किंमत निम्मी करावी लागली. १९६८ मध्ये लष्कराने केतांना हटवले. १९८४ मध्ये माली पुन्हा सामाईक चलनात परतला, दोन माली फ्रँकना एक सीएफए फ्रँक या दराने. बाहेर पडायला एक दिवस लागला, परतायला २२ वर्षे.

सगळा दोष बाहेर पडण्यावर टाकणे मात्र अन्यायाचे होईल. तोट्यातले सरकारी कारखाने आणि वाढता सरकारी खर्च हीही कारणे होती. तराजूत सर्व वजने ठेवली पाहिजेत.

आजच्या बाबतीतही तसेच. बाहेर पडणारी तिन्ही सरकारे लष्करी बंडातून आलेली आहेत, हे खरे. पण इकोवासने २०२२ मध्ये मालीवर आणि २०२३ मध्ये नायजरवर निर्बंध घातले, सरहद्दी बंद केल्या. नायजेरियाने नायजरची वीज तोडली. शिक्षा सेनापतींना आणि अंधार गरिबाच्या घरात! ज्या संघटनेने असे केले, तिच्याबद्दल लोकांचा विश्वास उडाला तर नवल नाही.

लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे, फ्रान्सविरुद्ध एवढे बोलूनही इकोवास सोडताना या देशांनी सीएफए फ्रँक आणि तो वापरणाऱ्या आठ देशांचा जकातसंघ सोडला नाही. त्यामुळे सेनेगल आणि आयव्हरी कोस्टशी व्यापाराचा मुख्य धागा टिकला. खरा धोका त्या संघाबाहेरच्या शेजाऱ्यांशी आहे: नायजरचा नायजेरियाशी आणि बुर्किनाचा घानाशी. नायजर-नायजेरिया सरहद्दीच्या दोन्ही बाजूंना हौसा बोलणारी, एकाच नात्यागोत्याची माणसे राहतात. इकोवासने जुन्या सवलती तूर्त चालू ठेवल्या, पण ‘तूर्त’ या शब्दावर कोणी दुकान उभारत नाही.

म्हणून केवळ जकातीचे आकडे मोजून हा हिशेब पुरा होत नाही. व्हिसाशिवाय मजुरीला जाणारा तरुण, सरहद्दीवर बकऱ्या विकणारा धनगर, टोपली घेऊन पलीकडच्या बाजारात बसणारी बाई, यांची वाट उघडी राहिली की बंद झाली, हे आधी विचारायला हवे. देशाची इज्जत मोठी आहेच. पण तिची किंमत कोण मोजतो, हे १९६२ सालच्या बामाकोच्या बाजाराने दाखवून दिले आहे.