पुरानंतरची दोन खोल्यांची घरे

आमच्या पूरग्रस्त वसाहतीतील घरांना नातेवाईक चेष्टेने 'काडेपेट्या' म्हणतात. त्या काडेपेट्यांनी तीन पिढ्या पोसल्या. त्यांचीच हकिगत लिहिते.

१२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे धरण फुटले, दुपारी खडकवासल्याचेही. मुठेकाठच्या पेठांतील जुने माती-लाकडाचे वाडे बसले. बिऱ्हाडे आधी शाळांतून राहिली. मग पुष्कळांना निसेन हट मिळाले. हे हट म्हणजे जमिनीवर पालथे घातलेले अर्धे पिंपच! पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, निसेन नावाच्या मेजराने शिपायांसाठी ते योजले. वाकवलेला पत्रा, मोजके सामान. काही तासांत घर उभे. अडल्या वेळी त्याचा मोठा आधार झाला, यात शंका नाही. परंतु भिंतच वाकडी, तिला फळी कुठे ठोकायची? सासूबाई सांगत, "अगं, देव्हारासुद्धा मधोमध मांडावा लागे!" शिपायाला संसार मांडायचा नसतो, हे निसेनसाहेबांना ठाऊकच होते.

पुढे गोखलेनगर, सहकारनगर या बाजूंना पक्क्या वसाहती झाल्या. पूरग्रस्तांच्या शंभराहून अधिक सहकारी संस्था निघाल्या, जमिनी भाडेपट्ट्याने मिळाल्या. आमच्या वाट्याला दोनच खोल्या आल्या. पण भिंती सरळ आणि मागेपुढे थोडे अंगण. त्या अंगणानेच आम्हांला तारले. थोरल्या दिरांच्या लग्नात पुढे पत्रा टाकून खोली झाली. नणंदबाई बाळंतपणाला आल्या तेव्हा मागची मोरी आत घेतली. मुले वाढली, तसा लोखंडी जिना घालून वर माळा चढवला. ऐपत होईल तेव्हा आणि तेवढेच बांधायचे. कर्ज थोडे, तेही फिटले. आज आमच्या ओळीत एका घरासारखे दुसरे नाही. मात्र या भरात स्वयंपाकघराची खिडकी बुजली, आणि भरदिवसा दिवा लावून तांदूळ निवडणे माझ्या नशिबी आले. वाढवताना उजेड कोठून येणार, हे पुरुषमंडळींनी कधी विचारले नाही.

आता वसाहतीत पुनर्विकासाचे नकाशे फिरत आहेत. लिफ्ट, चोवीस तास पाणी, कोणाला नको? पण हल्ली पुष्कळ इमारतींत विटांऐवजी साऱ्या भिंती काँक्रीटच्या ओततात. इमारतीचा भार त्यांवरच असल्याने पुढे एकही हलवता येत नाही. परवाच्या सभेत मी उठून विचारले, "सून आली, तर यातली कोणती भिंत काढता येईल?" वास्तुतज्ज्ञांनी नकाशा पुन्हा उलगडला आणि पेन्सिलीने एकाच भिंतीवर खूण केली. आणखी एक मिळावी, म्हणून आम्ही सोळाजणींनी सह्या करून अर्ज दिला आहे.