वाटेचा हक्क : मसाई पशुपालकांच्या भूमीचा इतिहास

जमिनीची मालकी म्हणजे चतुःसीमा ठरलेला तुकडा, ही कल्पना शेती करणाऱ्या समाजांच्या इतकी अंगवळणी पडली आहे, की जमिनीशी माणसाचे याहून निराळे नाते असू शकते हे सहसा ध्यानात येत नाही. या दृष्टीने पूर्व आफ्रिकेतील, विशेषतः केनियातील मसाई पशुपालकांचा गेल्या सव्वाशे वर्षांचा इतिहास अभ्यासण्यासारखा आहे.

मसाईंच्या मुलखात पाऊस बेभरवशाचा. पावसाळ्यात कळप उघड्या माळांवर चरत आणि कोरड्या दिवसांत डोंगरउतारांकडे व बारमाही पाणवठ्यांकडे वळत. ही चराई बेशिस्त नव्हती. प्रत्येक गटाची, म्हणजे 'ओलोशो'ची, कुरणे ठरलेली असत. वस्तीलगतचे 'ओलोपोलोली' हे कुरण वासरांसाठी राखलेले असे. दुष्काळात शेजाऱ्यांची परवानगी घेऊन त्यांच्या मुलखात कळप नेता येई. या जीवनक्रमात जमिनीच्या तुकड्यापेक्षा वाटेला अधिक मोल होते.

१८९० नंतरच्या दशकात बुळकांडी व देवीच्या साथींनी हा समाज खिळखिळा केला. १९०१ साली मोंबासाहून निघालेला लोहमार्ग व्हिक्टोरिया सरोवराला जाऊन पोहोचला आणि रिफ्ट खोऱ्यातील कुरणे गोऱ्या वसाहतवाल्यांच्या डोळ्यांत भरली. १९०४ च्या करारान्वये धर्मप्रमुख ओलोनाना व इतर पुढाऱ्यांनी ते खोरे सोडण्यास संमती दिली. मोबदल्यात उत्तरेस लायकिपिया आणि दक्षिणेस एक, असे दोन राखीव प्रदेश मसाई जमात असेतोवर त्यांचेच राहतील, असे ब्रिटिशांनी लिहून दिले. या दोन प्रदेशांना जोडणारी, पाण्याची सोय असलेली वाट मिळावी, हेही मसाईंनी करारात घालून घेतले होते.

सात वर्षांतच, १९११ मध्ये, दुसऱ्या कराराने लायकिपियाही गेले. मसाईंनी वसाहतीच्याच न्यायालयात दाद मागितली. हे करार म्हणजे दोन सत्तांमधील तह असून ते तपासण्याचा अधिकार आपणास नाही, असे सांगून न्यायालयाने १९१३ मध्ये दावा फेटाळला. ज्यांची भूमी काढून घेतली, त्यांना केवळ न्याय नाकारण्यापुरते परकीय सत्ता मानण्यात आले!

१९६३ साली केनिया स्वतंत्र झाला. १९६८ च्या कायद्याने मसाई मुलखात सामूहिक चराऊ क्षेत्रे आखून ती सभासदांच्या नावे नोंदली जाऊ लागली. परक्यांपासून जमिनीचे रक्षण व्हावे आणि तिच्या तारणावर कर्ज मिळावे, हा हेतू होता. परंतु आखलेल्या सीमा पावसाला ठाऊक नव्हत्या. कळपांना त्या ओलांडाव्याच लागत. पुढे पंचमंडळींतील वजनदार माणसे मोठे हिस्से बळकावतील, या भयाने सभासदांनीच वाटण्या मागितल्या. १९८० नंतर त्यांना वेग आला. नोंदवहीत नाव बहुधा कुटुंबप्रमुख पुरुषाचे असल्याने स्त्रिया व तरुण मागे राहिले. नैरोबीजवळच्या किटेंगेला परिसरात अनेकांनी जमिनी विकल्या. तेथे आज कुंपणे व इमारती उभ्या आहेत. अनेक कुटुंबे आता पशुपालनाला शेती, दूधविक्री, पर्यटन वा शहरातील पहारेकऱ्याच्या नोकरीची जोड देतात.

यावरून वैयक्तिक मालकी मुळातच अनिष्ट, असा निष्कर्ष काढणे उतावीळपणाचे होईल. मालकीचा कागद हाती असणे हे दुबळ्याचे संरक्षण असते, आणि ते मसाईंनी स्वतः मागितले. पण त्या कागदाने तुकडा दिला, वाट दिली नाही. २०२० च्या अखेरीपासून पूर्व आफ्रिकेच्या मोठ्या भागात सलग पाच पर्जन्यऋतू हुकले आणि लाखो जनावरे दगावली, तेव्हा आपल्या तुकड्यात अडकून पडलेला कळप किती असहाय असतो ते दिसून आले.

काही ठिकाणी शेजारी कुंपणे न घालता आपापले तुकडे पुन्हा एकत्र चारतात. २०१६ च्या सामुदायिक भूमी कायद्याने समूहाच्या नावे जमीन नोंदविण्याची सोयही केली आहे. मात्र समूहाच्या सीमा ओलांडून पाण्यापर्यंत जाण्याची मुभा कोण देणार, हा १९०४ चा प्रश्न आजही उत्तराची वाट पाहत आहे.