जुनी नळी, नवी दारू

एखादे काडतूस बंदुकीत बसते, एवढ्यावरून ते तीत उडविणे सुरक्षित ठरते काय? प्रश्न दिसावयास किरकोळ आहे. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपातील सैन्ये, कारागीर व शिकारी या सर्वांना त्याने छळले. आणि जुनी रायफल हाती घेणाऱ्याचे डोळे व बोटे आजही याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात.

शेकडो वर्षे बंदुकीची दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक यांचे मिश्रण, हे समीकरण अढळ होते. इंग्रजांची मार्टिनी-हेन्री रायफल १८७१ मध्ये सैन्यात आली. तिच्या काडतुसात या काळ्या दारूचे ८५ ग्रेन, म्हणजे सुमारे साडेपाच ग्रॅम, भरीत. ही दारू भसकन पेटते खरी. पण नळीत दाब वाढला म्हणून तिच्या जळण्याचा वेग फारसा चढत नाही. त्या काळच्या नळ्या याच स्वभावाला ओळखून घडविलेल्या होत्या.

१८८४ मध्ये पॉल व्हिएय या फ्रेंच रसायनज्ञाने बिनधुराची दारू सिद्ध केली, आणि दोनच वर्षांत तिच्यावर चालणारी लेबेल रायफल फ्रेंच सैन्याच्या हाती आली. पुढे नोबेलचे बॅलिस्टाइट (१८८७) आणि एबल व ड्यूअर यांचे कॉर्डाइट (१८८९) आले. या नव्या दारूचा स्वभावच निराळा. दाब वाढला की ती अधिक वेगाने जळते, आणि वेगाने जळाली की दाब आणखी वाढतो. जुन्या मापाने ती भरणे म्हणजे नळी फोडण्याची तयारीच होय. त्यातून काही बिनधुराच्या दारू मुद्दाम फुलवून, काळ्या दारूच्याच मापाने भरता याव्यात अशा केलेल्या होत्या. बॅलिस्टाइटसारख्या दाट दारूला मात्र ते माप मुळीच चालत नसे. नावाने दोन्ही बिनधुराच्याच! अशा वेळी माप एकीचे आणि दारू दुसरीची झाली, तर अनर्थास वेळ तो किती?

सरकारांनाही हे संक्रमण सुखाचे गेले नाही. इंग्रजांनी १८८८ मध्ये ली-मेटफर्ड रायफल स्वीकारली, तेव्हा त्यांची नवी दारू तयार नव्हती. म्हणून काडतुसात काळी दारूच दाबून भरली. पुढे कॉर्डाइट आले, आणि त्याच्या प्रखर उष्णतेने मेटफर्डचे उथळ आटे झिजू लागले. अखेर १८९५ मध्ये एनफील्ड पद्धतीचे खोल आटे घ्यावे लागले. जर्मनांची कथा याहून बोधप्रद आहे. त्यांच्या १८८८च्या रायफलीची गोळी सुमारे ८.१ मिलिमीटर व्यासाची होती. १९०५च्या टोकदार गोळीचा व्यास सुमारे ८.२ झाला. फरक केसाएवढा, पण अरुंद नळीतून जाड गोळी रेटली की दाब भयंकर वाढतो. म्हणून नव्या काडतुसासाठी फेरफार केलेल्या रायफलींवर ‘एस’ हे अक्षर ठोकण्यात आले.

या अक्षरांचे व ठशांचे मोल आम्हांस फार वाटते. लंडनच्या बंदूककारांच्या संघाला १६३७ मध्ये राजाची सनद मिळाली. बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये कायद्याने स्थापन झाले. नेहमीपेक्षा भारी बार उडवून नळी टिकली, तरच तीवर ठसा उमटे. पण ठसा कोणत्या दारूच्या परीक्षेचा, हे वाचल्यावाचून त्याचा उपयोग नाही. काळ्या दारूच्या परीक्षेत उतरलेली नळी नव्या दारूविषयी कोणतीही हमी देत नाही. शिवाय परीक्षेनंतरच्या शंभर वर्षांत गंजाने तिला आतून किती खाल्ले, हेही तो ठसा सांगत नाही.

म्हणून जुन्या रायफलीचा बार ठरविताना क्रम असा असावा: प्रथम ठसे वाचावेत, मग नळीत मऊ शिसे दाबून तिचा खरा व्यास मोजावा, जाणत्या कारागिराकडून नळी, खटका आणि काडतुसाचे घर तपासून घ्यावे, आणि मगच ती ज्या जातीच्या दारूसाठी घडली, त्याच जातीचा सौम्य बार निवडावा. कोठे शंका उरली, तर रायफल भिंतीवरच शोभते. बंदूक जुनी झाली म्हणून तिची मर्यादा सुटत नाही. ती कोणत्या साली, कोणत्या दारूसाठी घडली, हा तिचा इतिहास जो जाणतो, त्यानेच तिच्या चापाला हात लावावा.