मॅट्रिकमागचे घर

दहावीचा निकाल लागला की कोकण अव्वल, ही बातमी आता ठरलेलीच. 2024 मध्ये राज्याचा निकाल 95.81 टक्के आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकण मंडळाचा 99.01. याचे श्रेय कुणी शिक्षकांना देते, कुणी कोकणी चिकाटीला. रत्नागिरी जिल्ह्याचा जुना इतिहास पाहिला तर तिसराच वाटेकरी दिसतो. अभ्यास पोरानेच केला, पण वेळ, जागा आणि फी यांची तजवीज घरातल्या कुणीतरी केली. शिकण्याची वाट तेव्हा किती खडतर होती, ते धोंडो केशव कर्व्यांनी सोसले. 1875 मध्ये मुरुडहून कुंभार्ली घाटाने पायी साताऱ्याला परीक्षेसाठी गेलेला हा मुलगा सतरा वर्षांचा दिसत नाही म्हणून परत पाठवला गेला. मॅट्रिक व्हायला 1881 उजाडले. पुढे मुंबईत बस्तान बसल्यावर त्यांनी नात्यातल्या रघुनाथ परांजप्यांना शिकायला घरी ठेवून घेतले. मुर्डीचे हे परांजपे 1899 मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर झाले.

ही पांढरपेशी घरे, त्यांना अक्षरओळख पिढीजात, असे कुणी म्हणेल. खरेच आहे. मग भीमराव आंबेडकरांचे वडील रामजी सकपाळ यांचे घर पाहा. मूळचे मंडणगड तालुक्यातल्या आंबडव्याचे हे निवृत्त सुभेदार परळच्या चाळीत एका खोलीत राहत. स्वयंपाक, जाते, बकरी सगळे तिथेच. जागा वाढवता येत नव्हती, म्हणून त्यांनी वेळ वाढवला. भीमरावांना लवकर झोपवायचे आणि पहाटे दोनला उठवायचे. पुस्तकाला पैसे नसले तर लग्न झालेल्या लेकींचे दागिने मागून गहाण टाकायचे. 1907 मध्ये मुलगा मॅट्रिक झाला. (त्या लेकींच्या शिक्षणाचे काय, हे सहसा कुणी विचारत नाही.) घराने सगळेच जमते असेही नाही. शाळेत भीमरावांना संस्कृत घेऊ दिले नाही, फारसी घ्यावी लागली. त्यापुढे बापाचा इलाज नव्हता. पण बापाच्या हातात होते ते त्याने सोडले नाही. रामजींच्या खर्चात सर्वांत महाग गोष्ट होती स्वतःची झोप, आणि नववी-दहावीच्या मुलासाठी क्लासची फी भरून मोकळे होणाऱ्या आजच्या पालकाने आधी तेवढीच द्यायची तयारी ठेवावी.